एकेरी पाती, सरळ नळी

गळ्याच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज चांगलाच खाली उतरला होता. आज संध्याकाळी ती वर्षभरानं पुन्हा लोकांपुढे देवाचं सांगायला उभी राहणार होती, सांगता सांगता गाणार होती, आणि साथीला माझा बॅगपाइप. दुपारी वर्कशॉपमध्ये तालीम सुरू केली आणि पाइपच्या आवाजात तिचे शब्दच गडप झाले.

आई स्टुलावर टेकली. "राहू दे बाई. कळव बोलावणाऱ्यांना, यंदा दुसरं कुणी गाऊ दे. शब्दच पोचणार नसतील तर मी उभी राहून करू काय?"

"असं कसं?" ढोल आवळता आवळता मामा म्हणाला. "दुहेरी पाती आहे, दणकून वाजणारच. मागच्या रांगेला ऐकू जायला नको?"

"मागच्या रांगेला तुझा ढोल पुरेसा आहे, दादा."

मी पाइपच्या नळीतून ती दुहेरी पाती उपसली. बोरूच्या दोन चपट्या फाका, एकमेकींवर थडथडून किंचाळणाऱ्या. तिच्या जागी एकेरी बसवली: बारीक नळकांडं, त्याच्या अंगावर चिरलेली एकच जीभ. हिचा स्वभाव मवाळ. मोठ्या आशेनं पिशवी दाबली, तर खुडूक कोंबडी बिथरावी तसा आवाज! एकही सूर जागेवर नाही.

मामा हसून हसून भिंतीला टेकला. "हीच लाव. उपदेश संपला की अंडी वाटू!"

मलाही हसू फुटलं. हसतच मी नळी उजेडाकडे धरून आत डोकावले आणि कपाळावर हात मारला. आतून वर निमुळती, खाली रुंद! अशा नळीला दुहेरी पातीच मानवते. एकेरीला आरपार सारख्या भोकाची नळी हवी. आणि तशी एक फळीवर पडलीच होती, पाइपचा एकच सूर धरून ठेवणारी लांब नळी म्हणून कोरलेली.

"अगं, ती गिऱ्हाइकाची ना?" मामा ओरडला.

"त्याला दुसरी करीन! धर इकडे."

नळी कापली. तळाकडून बोटांसाठी एकेक भोक पाडत गेले, आधी बारीक, मग फुंकून बघत जरा मोठं. जास्त कोरलं की सूर वर पळायचा. मग मेणाचा टिपका लावून त्याला खाली आणायचं. मामा ढोल विसरून भुसा फुंकत होता. आता थांबवत कोणाला होतं!

शेवटचं भोक झालं. पिशवी काखेत घेतली, दाबली.

देवा रे! लांबी आधीच्या नळीएवढीच, पण सूर केवढा खोल! आणि मी काही म्हणायच्या आत आई गायला लागली,

"जेवढा दिलास, तेवढा सूर तुझ्याच पायी..."

अक्षर न् अक्षर मोकळं. पाइप खाली, ती वर. मामानं हळूच ढोल ओढला आणि दोन बोटांनी ठेका धरला. ओळ संपली तरी आई थांबेना, पुढचा उपदेशही तिथंच सुरू झाला. मग एकदम उठली.

"दादा, तिथंही असाच वाजव, दोन बोटांनी. आणि तू गं, बघत काय बसलीस? चपला घाल, माणसं जमली असतील!"