सातव्या कार्डाचं नाव

शर्वरीनं सातव्या कार्डाला चुकून आपल्या लेकीचं नाव दिलं, आणि घरी केतकीच्या कपाळावर निळा दिवा लुकलुकायला लागला.

“अगं, विझवू कसा?” सासूबाई फोनवर विचारत होत्या. “हाक मारली तर पोरगी म्हणते, केतकी कोण?”

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! नेटवर्कच्या कपाटातली कार्डं सगळी सारखीच दिसतात. त्यातलं खराब कार्ड दाखवायचं, तर आधी त्याला नाव द्यायचं. मग त्याचा निळा दिवा लागतो, आणि कपाटामागे उभे असलेले तिळवे साहेब त्याचे दोन्ही बाजूंचे खटके उघडून ते ओढतात आणि भंगारात टाकतात. भंगारात गेलेलं परत येत नाही. म्हणून ऑफिसची रीत अशी, की नाव द्यायचं ते गेलेल्या माणसाचंच. पहिल्या कार्डाला साहेबांच्या आजोबांचं होतं, चौथ्याला कुणाच्या तरी मावशीचं. पण शर्वरीचे सगळे पासवर्ड लेकीच्या नावाचे. मेली बोटं सवयीनं तिकडेच गेली!

“साहेब, थांबा! सातव्याला हात लावू नका!”

“थांबून कसं चालेल? वरून फोनवर फोन येतायत. दिवा दिसला की ओढलं.”

ती मागच्या बाजूला धावली. कपाट तिच्याबरोबर लांबत गेलं. कोपरा काही येईना. वळून बघते तर कीबोर्ड तिथंच, हाताशी. तिनं गेलेल्या आजेसासूबाईंचं नाव टाकलं. पडद्यावर अक्षरं उमटली: जिवंत नावाच्या जागी जिवंतच नाव लागेल.

साहेबांचं टाकावं? तिनं पहिलं अक्षर टाकलंसुद्धा. तेवढ्यात पलीकडून त्यांचा खोकला ऐकू आला, आणि तिनं ते पुसलं.

मग तिनं स्वतःचं नाव टाकलं.

“आई गं, आजी उगीच माझं कपाळ पुसतेय!” फोनमधून केतकी ओरडली. शर्वरीचा जीव भांड्यात पडला. ती हसली, रडली, आणि “पुसू दे गं बाई,” म्हणाली.

“सापडलं,” तिळवे साहेब म्हणाले. आवाज आता अगदी पाठीशी आला होता. “काय नाव दिलंयस गं या कार्डाला?”

तिला ते नाव आठवेना. कीबोर्डवरचे तिचे हात निळे दिसत होते, मग दिसत नव्हते, मग पुन्हा निळे. तिच्या दोन्ही खांद्यांवरचे खटके कुणीतरी मागून उघडले.