एक मोठं माणूस, दोन पोरं

इसाकनं गादीवर आधी मूठ दाबून पाहिली, मग कोपर, आणि तरीही समाधान होईना तेव्हा सरळ गुडघा रोवला. गादी फारशी खचली नाही. विमानाच्या चिमुकल्या दारातून डोकं बाहेर काढून तो म्हणाला,

"भरीव आहे. हादरे झेलेल."

"अरे बाबा, तुला काय विकत घ्यायचा हाय?" विमान चालवणारा दस्तूर खाली उभा होता. पारशी माणूस, आवाज मोठा, मन मोकळं. "बस ने आता. वारा सुटला तर मी नाय उडवणार."

"बसतो, साहेब. पण कोण कुठं बसणार ते आधी ठरू द्या."

बसायच्या जागा होत्या इनमिन चार, आणि बसायला माणसं तीन. त्यातली दोन तर एवढीशी. तरी पाच मिनिटं झाली, इसाकचं ठरत नव्हतं. नाशकात ज्यानं कुणी इसाकच्या टांग्यात पाय ठेवला असेल त्याला याचं नवल वाटलं नसतं. सगळी माणसं आपल्या मनासारखी बसल्याशिवाय हा गडी लगाम हातात घ्यायचा नाही. स्टेशनावर गाडीची शिटी होत असली तरी घ्यायचा नाही. जाडा माणूस पुढं, हडकुळे दोघं मागं, सामान पायाशी, आणि लहान पोर कायम गाडीवानाजवळ. मागं वजन जास्त झालं की टांगा उलाळ होतो, घोडा वर उचलला जातो, आणि मागं बसलेली पोरं आधी रस्त्यावर पडतात. हे त्यानं बापाकडून ऐकलं होतं आणि एकदा डोळ्यानं पाहिलंही होतं.

खाली गवतात सकीना उभी होती. तिच्या खांद्यावर खाजा होता, सव्वा वर्षाचा. आडवं केलं की पोराला ढास लागायची, म्हणून गेले वीस दिवस तिनं त्याला खाली ठेवलंच नव्हतं. भिंतीला टेकून, पोर उभं धरून ती झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. पाच वर्षांची सितारा तिच्या बुरख्याचं टोक धरून विमानाकडे टक लावून बघत होती. तीही खोकायची, पण ती खोकून पुन्हा खेळायला लागायची. खाजाचं तसं नव्हतं. चार दिवसांपूर्वी त्याचा श्वास अडकला तो सुटेचना, पोर निळं पडलं, आणि शेजारपाजारच्या बायका दारात जमून आपसांत हळू बोलू लागल्या.

डांग्या खोकला. चिंतामणराव डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आठ वर्षं ते इसाकच्या टांग्यातून रोगी बघत फिरत होते. या पोरासाठी त्यांनी एकामागून एक बाटल्या दिल्या, आणि बाटल्या संपल्या तेव्हा एक दिवस घसा खाकरून म्हणाले की विलायतेत अशा मुलांना विमानातून खूप उंच नेतात, वरच्या विरळ हवेनं खोकला थांबतो म्हणतात. गंगापूरच्या रस्त्याला माळावर तेव्हा एक विमान उतरलं होतं. एका धनिकाच्या घरी लग्न होतं आणि पाहुण्यांना आकाशातून फेरी मारून आणायची हौस त्याला आली होती. तो धनिक डॉक्टरांचा रोगी. पाहुणे उठायच्या आत, भल्या सकाळी एक फेरी डॉक्टरांनी मागून घेतली आणि स्वतःही माळावर आले.

मोहल्ल्यात लोक पोट धरून हसले. इसाकची बहीण जहिदा तर म्हणाली, "काढा सोडून ढगात निघालात होय रे!" इसाक हसला नाही. डॉक्टरांनी पोराला घेऊन विहिरीत उतर म्हटलं असतं तरी तो उतरला असता.

अडचण एवढीच होती की माळ आखूड होता आणि मधे दगड होते. दस्तूरनं पावलं टाकून लांबी मोजली आणि सांगितलं, "एक मोठा माणूस, दोन पोरं. जास्ती वजन नाय."

एक मोठं माणूस म्हणजे कोण, हा प्रश्न इसाकला पडलाच नव्हता. बसणं-बसवणं हा त्याचा धंदा. शिवाय बायको आकाशात आणि नवरा खाली उभा, हे जहिदानं जन्मभर ऐकवलं असतं.

"खाजा इथं, मागच्या गादीवर," त्यानं शेवटी जाहीर केलं. "म्हणजे साहेबांजवळ. सितारा समोर. मी खाजाला धरून."

"माझ्याजवळ?" दस्तूर म्हणाला. "अरे, मी मागे उघड्यावर बसतो. मधे पत्र्याची भिंत हाय. तुझा पोरगा रडला तरी मला ऐकू नाय येणार, मेला तरी नाय कळणार."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. सकीनानं खाजाच्या पाठीवरचा हात तेवढा वर सरकवून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तरी असू दे," इसाक म्हणाला. गाडीवानाजवळ म्हणजे गाडीवानाजवळ. "दे त्याला."

"आणि वर ढास लागली तर?" सकीनानं विचारलं.

"मी आहे ना."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. काही बोलणार होती, पण डॉक्टरांसमोर आणि परक्या माणसासमोर गप्प राहिली. विमानाच्या पंखावर पाय ठेवायला एक काळी पट्टी होती. त्या पट्टीपाशी जाऊन सकीनानं पोर वर दिलं. मग सितारा वर गेली. दार लागलं.

दस्तूर आपल्या जागी चढला. त्याचा माणूस विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवायला पुढं जाऊन उभा राहिला. काचेतून सकीनाला इसाकचा फेटा दिसत होता, खाजाची टोपी दिसत होती. मग टोपी हलायला लागली.

एकदा हलली, दोनदा, आणि मग थांबेचना. काचेमुळं आवाज येत नव्हता. इसाकनं पोराला छातीशी आवळलं आणि तो त्याच्या पाठीवर थोपटू लागला. खाजाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच बाहेर पडत नव्हतं, काहीच आत जात नव्हतं. इसाकनं त्याला आणखी घट्ट धरलं. मग उताणा केला. मग हलवला. त्याचे हात नुसते भांबावून गेले होते.

"पालथा!" सकीना ओरडली. "अहो, पालथा घ्या त्याला, पालथा!"

त्याला ऐकू गेलं नसावं. ती धावली. पंख्याशी उभा असलेला माणूस "ओ बाई, ओ बाई" करत राहिला आणि दस्तूर वरून ओरडला, "पाय काळ्या पट्टीवर!" पण तिचा पाय कुठं पडला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दार उघडून तिनं पोर जवळजवळ ओढूनच घेतलं. डाव्या हातावर पालथं टाकलं, डोकं खाली, बुरख्याचं टोक करंगळीला गुंडाळून गालाच्या आतून बोट फिरवलं आणि दोरीसारखा लांबलचक चिकटा बाहेर काढला. खांद्यांच्या मधे तळहातानं दोन थापा. अजून काही नाही. आणखी एक थाप.

मग घशातून तो भयंकर आवाज आला, श्वास आत ओढल्याचा, आणि खाजा रडला.

माळावर सगळ्यांनीच श्वास सोडला. सितारा समोरच्या गादीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. सकीना तिच्या शेजारी टेकली आणि पोराचं तोंड पुसत शांतपणे म्हणाली,

"उतरा तुम्ही."

"सकीना, थोडं ऐक. मी रोज टांग्यात दहा-दहा पोरं नेतो-आणतो..."

"ती खोकत नाहीत."

"लोक काय म्हणतील?"

"उतरा म्हणते ना."

लग्नाला सात वर्षं झाली होती. या आवाजात ती त्याच्याशी एकदाही बोलली नव्हती. इसाक उतरला. उतरताना पट्टीवर नीट पाय ठेवून उतरला, आणि खाली आल्यावरही त्याच्यानं राहवेना. "सिताराला खिडकीकडे घे," तो म्हणाला. "आणि तू मधे बस, मधे." सकीनानं दार ओढून घेतलं.

पंखा फिरला, गवत आडवं झालं, दूर झाडाला बांधलेला इसाकचा घोडा खिंकाळला. विमान धडधडत, दगड चुकवत धावत गेलं. माळ संपत आला तरी ते जमिनीलाच चिकटून होतं. मग ते सुटलं. बाभळींच्या वरून गेलं, चामरलेण्याच्या डोंगराकडे वळलं आणि लहान लहान होत गेलं. त्याचं सगळं घर त्या ठिपक्यात होतं.

"किती वेळ, डाक्टरसाहेब?"

"अर्धा तास." डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हते. चष्मा काढून पुसत होते. बराच वेळ पुसल्यावर म्हणाले, "इसाक, तुला एक सांगतो. मी हे स्वतः कधी करून पाहिलेलं नाही. वाचलंय फक्त. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. येत असेल तर का येतो, तेही कुणाला माहीत नाही."

इसाकला क्षणभर उमजलंच नाही.

"मग सांगितलंत कशाला?"

"त्या दिवशी तुझ्या घरी आलो, तर तुझी बायको माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीत आता काही उरलं नाही, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही माझी."

इसाकच्या डोक्यात सणक गेली. आठ वर्षं या माणसाची पिशवी त्यानं अदबीनं उचलली होती, आणि याच माणसानं त्याची बायकापोरं नुसत्या अंदाजावर आकाशात धाडली होती. दुसरा कुणी असता तर त्यानं गचांडी धरली असती. त्यानं मूठ वळली, सोडली, आणि पुन्हा वर पाहिलं. ठिपका आता दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

"मग आता उपाय काय?"

"काढायचे दिवस. महिना, दीड महिना. ढास लागेल तेव्हा श्वास अडकू द्यायचा नाही. दिवस असो, रात्र असो, प्रत्येक वेळी. तेवढं निभावलं तर पोर वाचतं. तुझी बायको तेच करते आहे."

"एकटी," इसाक म्हणाला.

इसाक झाडाकडे गेला आणि घोड्याच्या तोंडाला बांधलेली दाण्याची पिशवी, चंदीचा तोबरा, सोडून घेऊन आला. अर्धा भरलेला, मऊ, पोराएवढाच जड.

"मला दाखवा."

"काय?"

"ती करते तसं. हातावर कसा घ्यायचा, बोट कुठून घालायचं. दाखवा."

मग त्या माळावर, थंडीत, एका नामांकित डॉक्टरनं एका टांगेवाल्याच्या हातावर चंदीचा तोबरा पालथा ठेवला. "डोकं खाली. आणखी खाली. अरे, घट्ट नको धरू, त्याला गुदमरून मारशील. बोट मधून नाही, गालाच्या कडेनं. हं. आता थाप. ही काय थाप झाली? पोर आहे, तबला नाही." इसाकनं पुन्हा केलं. पुन्हा केलं. घोडा मान वळवून आपल्या न्याहारीचे हे हाल बघत होता. विमानाचा आवाज जवळ येईपर्यंत इसाकनं ते वीसएक वेळा केलं असेल.

दार उघडलं तेव्हा सकीनाचा चेहराच बदलला होता. खाजा तिच्या खांद्यावर गाढ झोपला होता.

"एकदाही नाही, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "वर गेल्यापासून एकदाही खोकला नाही."

"अब्बा, गोदावरी एवढीशी दिसते!" सितारा ओरडली. "टांगे मुंगीसारखे! अम्मीनं काहीच नाही बघितलं. नुसती याच्याकडेच बघत बसली होती."

"एवढा आवाज होता," सकीना म्हणाली. "खोकला तर ऐकू आला नसता. तोंडावरच नजर ठेवून बसले."

डॉक्टर काहीतरी बोलायला लागले. इसाकनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या आधी मोठ्यानं म्हणाला,

"झालं तर मग! हवा लागू पडली म्हणायची. सुटलो एकदाचे."

त्या दिवशी त्यानं पुन्हा टांगा जोडला नाही. जहिदा सिताराला आपल्याकडे घेऊन गेली. आकाशातल्या गोष्टी ऐकायला सगळा मोहल्ला तिथं जमला होता. दुपारी घरात तिघंच उरली तेव्हा इसाकनं बायकोपुढं हात केले.

"आण त्याला इकडं. तू जरा आडवी हो."

"नको, मी धरते."

"अगं, बरा झालाय आता. वर गेल्यापासून खोकला नाही, तूच म्हणालीस ना? दे."

तिनं क्षणभर विचार केला आणि पोर त्याच्या हातात दिलं. चटईवर अंग टाकलं. दुसऱ्या श्वासाला तिला झोप लागली होती. तोंड थोडं उघडं होतं. वीस दिवसांत आपण तिचा चेहरा असा पाहिलाच नाही, हे इसाकला तेव्हा कळलं, आणि त्याला फार लाज वाटली.

पोराला घेऊन तो पडवीत येऊन बसला.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा खाजाच्या अंगाला पहिला हिसका बसला. दुसरा, तिसरा. इसाकनं त्याला हातावर पालथा घेतला. डोकं खाली. आणखी खाली. गालाच्या कडेनं बोट. त्याचं बोट जाड होतं, पण चिकटा निघाला. त्यानं थाप मारली. काही नाही. ओठांचा रंग पालटायला लागला होता. "या अल्ला," तो पुटपुटला आणि पुन्हा थाप मारली, आणि श्वास घरघरत आत गेला. पोर चिरक्या आवाजात रडलं आणि त्याच्या मानेला बिलगलं.

"काय झालं?" आतून सकीनाचा झोपाळलेला आवाज आला. "खोकला का हो?"

"नाही. मीच," इसाक म्हणाला. "ठसका लागला मला."

"पाणी प्या," ती म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

इसाकनं हात धोतराला पुसले. थोड्या वेळानं खाजाला पुन्हा ढास लागली तेव्हा त्यानं त्याला पालथा घेतला, आणि त्याच्याबरोबर आपणही मोठ्यानं खोकू लागला.