कानाखालचं कथील

माझ्या थोरल्या मुलीचं, मेहरबीचं, लग्न झालं ते साल १९७६. त्याच उन्हाळ्यात मी मोठ्या भावाला, इब्राहीमभाईला, घेऊन नागपूरच्या दवाखान्यात बसलो होतो. भाई कारंज्यात भांड्यांना कल्हई करायचा. त्याच्या उजव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ आली होती.

"गाठ लाळेच्या ग्रंथीत आहे, काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "एक तुकडा अभ्यासाला ठेवू. या ग्रंथीत धातूला धरून ठेवणारा एक पदार्थ असतो. चांगल्या ग्रंथीत असतो, गाठीतही असतो. कुठे किती, ते पाहायचंय."

"म्हंजे कथीलच साचलं. जलमभर धूर खाल्ला ना."

"तसं नाही. तो पदार्थ माझ्यातही आहे."

"तुमी कुठं कल्हई करता, साहेब?"

डॉक्टर हसले. भाई हसला नाही. बाहेर येऊन त्यानं माझा दंड धरला.

"सैफू, चांगल्यात बी हाये, खराबात बी हाये. मंग हे कापून कायले राह्यले?"

 

"भाई, शिकेल मानूस हाये तो. कापू दे."

"कथील कापत नसते, येड्या. आंच लागली का पाघळते."

घरी आल्यावर तो रोज भट्टीकडे उजवा गाल करून बसू लागला. आच कथील पाघळेल इतपतच ठेवायचा. मग कापसाच्या बोळ्यानं कानापासून हनुवटीपर्यंत पुसायचा, परात पुसावी तसा.

"गाल हाये का पातेलं?" हलिमाभाभी ओरडायची. "नागपूरले जा म्हनलं तं इथं भाजून राह्यले!"

"उतरून राह्यलं. हात लावून पाह्य."

भाभीनं बोट लावलं. मीही लावलं. नरम लागलं खरं. गाठ नरम झाली होती की शेकून कातडी, कोण जाणे. डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख निघून गेली.

पावसाळ्यात त्याचं तोंड वाकडं झालं, उजवा डोळा मिटेना. तेव्हा तोच म्हणाला, "चाल नागपूरले." डॉक्टरांनी गाल चाचपला आणि आता कापून उपयोग नाही म्हणाले.

दिवाळीच्या आधी तारामतीबाईंकडची भांडी आली. जैनांचं सोवळ्याचं घर. भाईच्या तोंडातून लाळ गळायची, त्याला कळायचंही नाही. त्यानं भाभीकडून धुतलेलं फडकं मागून घेतलं, तोंडावर घट्ट बांधलं आणि सगळी भांडी उजळली. लाळेनं फडकं भिजलं की भाभी दुसरं बांधायची.

इब्राहीमभाई १९७७ च्या जानेवारीत, शुक्रवारी सकाळी, घरीच वारला.