सायकलीचा नंबर

"मागं घे."

"चाचा, आठले प्रॅक्टिकल हाय माझं."

"मागं घे म्हन्लं ना बाई. आजपासून सायकल अंदर नाई."

ममता राठोडने एक पाय जमिनीवर टेकवला, दुसरा पेडलवरच राहू दिला. तांड्यावरून नऊ किलोमीटर सायकल हाणत आलेल्या मुलीला लगेच उतरून उभं राहता येत नाही. आठाला बारा मिनिटं कमी होती. फाटकावरचा पहारेकरी अय्यूब तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होता. त्याच्या मागे, फाटकाच्या खांबाला, प्लास्टिकच्या वेष्टनात घातलेले वाहनतळाचे नवे नियम टांगलेले होते.

नियम अकरा होते. ते करायला समितीने चार बैठका घेतल्या होत्या आणि चारही बैठकांना समितीचे सगळे सदस्य आपापल्या गाडीतून आले होते. कॉलेज बाभुळगावच्या रस्त्यावर, यवतमाळपासून बरंच बाहेर. नाव 'ज्ञानसेतू समुदाय महाविद्यालय'. समुदायाने आत यावं की नाही, याबद्दल नावात काही खुलासा नव्हता.

नियम सातप्रमाणे आत येणाऱ्या प्रत्येक वाहनाला स्टिकर हवं. स्टिकरसाठी अर्ज संगणकावर भरायचा. अर्जात 'वाहन क्रमांक' असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला की संगणक पुढे सरकत नव्हता. सायकलीला क्रमांक नसतो. म्हणून सायकलीला स्टिकर नाही, म्हणून सायकलीला प्रवेश नाही. सायकलींवर कोणाचा राग होता असं मुळीच नाही. चार बैठकांत कोणाला त्यांची आठवण झाली नाही, एवढंच.

"मंग बाहेर लावतो," ममता म्हणाली.

"नियम नऊ वाच. फाटकाबाहेर पन्नास मीटरच्या आत गाडी दिसली का उचलून नेतील."

"म्हंजे अंदर बी नाई अन् बाहेर बी नाई. डोक्यावर ठेवू काय?"

"मले कायले इचारतं? मी लिहलं काय थे?"

नियमांच्या खाली एक परिशिष्टही होतं, 'पर्यायी प्रवासव्यवस्था'. पहिला पर्याय एसटीचा. तांड्याच्या फाट्यावर पहिली बस पावणेदहाला येते. म्हणजे ज्या दिवशी येते त्या दिवशी. दुसरा पर्याय ऑटोचा. ऑटो अकरा माणसं भरल्याशिवाय हलत नाही आणि अकरावा माणूस नऊच्या आत उठत नाही. तिसरा पर्याय, 'पालकांनी पाल्यास स्वतःच्या वाहनाने सोडावे.' ममताच्या वडिलांचं स्वतःचं वाहन म्हणजे हीच सायकल.

ममताने ती रस्त्यापलीकडच्या निंबाच्या झाडाला टेकवली, कुलूप लावलं आणि प्रयोगशाळेकडे पळत सुटली.

निंब फाटकापासून अडतीस मीटरवर निघाला. हे अंतर वाहनतळ समितीचे निमंत्रक स्वानंद सर यांनी स्वतः फीत धरून मोजलं. सर भूगोल शिकवत. साडेनऊला कॉलेजचा टेम्पो आला, दोन माणसांनी सायकल कुलपासकट उचलली आणि मागच्या गोदामात नेऊन टाकली. फितीचं दुसरं टोक अय्यूबच्या हातात होतं.

दुपारी ममता सायकल मागायला गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, गाडीचे कागद आणा. सायकलीचे कागद नसतात, हे तिने तिघांना सांगितलं. तिघांनाही ते माहीत होतं. मग ती चालत निघाली. एप्रिल महिना, दोन वाजलेले. अय्यूबने तिला फाटकातून बाहेर पडताना पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं.

"इत्ते धूप में? नौ किलोमीटर?" जमिलाने विचारलं.

"हाँ."

"और तुमने क्या करे?"

"नियम सांगितला."

"और?"

अय्यूबने भाकरीचा तुकडा मोडला. जमिलाने आणखी भाजी हवी का हे विचारलं नाही. भांडं उचलून ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ममता आली नाही. तिचे वडील आले. नेमसिंग राठोड, धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल. तेही चालतच आले होते. फाटकापाशी येऊन त्यांनी अय्यूबला हात जोडले.

"साहेब, पोरीची सायकल हाय म्हने तुमच्याजवळ."

अय्यूबला सत्तावन्न वर्षांत फारसं कोणी साहेब म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा हे असं.

"मी साहेब नाई, दादा. पोरगी काहून नाई आली?"

"आता नाई येनार थे. सायकल तेवढी देऊन द्या, मले वावरात लागते." नेमसिंग शांतपणे बोलत होते. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "दोन सालं शिकली, बहुत झालं. तुमचे बी नियम असतीन. मोठं कॉलेज हाय."

"परीक्षा पंधरा दिवसावर आली ना पन!"

"हाव. थेच म्हनत होती. रडत होती." त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. "पन सायकल कुठीसा ठेवावं, हे थिले बी सांगता येऊन नाई राह्यलं अन् मले बी."

माणूस भांडला असता तर अय्यूबला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्याला शिट्टी वाजवून बाजूला करता येतं. अय्यूबला राग आला की तो हळू बोलतो. "बसा इथी सावलीत," एवढं तो हळू म्हणाला आणि नेमसिंगना आपली खुर्ची देऊन तो आत गेला.

स्वानंद सर नकाशाला टाचण्या लावत होते.

"सर, सायकलवाल्याईचं काय करायचं?"

"अय्यूब, माझं सायकलींशी वैर नाही. मी स्वतः लहानपणी चालवली आहे. पण नंबर नसलेली वस्तू संगणकात बसत नाही, त्याला मी काय करणार?"

"अन् नंबर असला त?"

"असला तर प्रश्नच मिटला. रकाना रिकामा नको, बाकी संगणकाचं काही म्हणणं नाही."

"कोनाचा बी नंबर चालते?"

"ज्याचा त्याचा," सर म्हणाले आणि त्यांनी पुढची टाचणी उचलली.

अय्यूब पहारेकरी झाला त्याला तीन वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं तो आरटीओच्या कुंपणाला लागून एका टपरीत गाड्यांचे नंबर रंगवत असे. जिल्ह्यातले निम्मे ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून गेलेले. पुढून येणाऱ्या गाडीच्या नंबरातला चारचा आकडा पाहून तो सांगायचा, हा माझा, हा पांढरकवड्याच्या पेंटरचा. पुढे मशीनमधून छापून येणाऱ्या पाट्या आल्या. त्याला कोणी उठवलं नाही, टपरी कोणी हलवली नाही. फक्त गाड्या यायच्या बंद झाल्या. सहा महिने तो रोज टपरी उघडून बसला आणि सातव्या महिन्यात पहारेकरी पुरवणाऱ्या एका एजन्सीचा निळा शर्ट घालून या फाटकावर उभा राहिला.

त्या दुपारी त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, कडा ठोकून बोथट केल्या, पांढरा हात मारला. तो वाळेपर्यंत नेमसिंगना चहा पाजला. मग दोऱ्याला खडू लावून दोन रेघा उमटवल्या आणि काळ्या रंगात अक्षरं काढली: 'सायकल ००१'. शून्यांची पोटं सारखी आली. नेमसिंग मांडी घालून बघत होते.

"लयच बेस हात हाय तुमचा."

"होता," अय्यूब म्हणाला.

कार्यालयात रत्नप्रभाताई अर्ज भरून घ्यायच्या. निवृत्तीला वर्ष उरलेलं, आवाज कधी चढत नसे. त्यांनी पाटी उलटसुलट करून पाहिली आणि चष्मा लावला.

"वाहनाचा प्रकार?"

"दुचाकी," अय्यूब म्हणाला.

"हं. खोटं नाही. क्रमांक... सायकल शून्य शून्य एक. इंधन?"

अय्यूबने नेमसिंगकडे पाहिलं. नेमसिंगनी आपल्या पायांकडे.

"हाही रकाना रिकामा सोडत नाही मेला," असं म्हणत रत्नप्रभाताईंनी 'भाकर' असं टाइप केलं. संगणकाने ते घेतलं. स्टिकर छापून बाहेर आलं, सायकल गोदामातून सुटली आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला ममता आली. फाटकाशी ती थांबली नाही, फक्त घंटी वाजवली.

आठ दिवसांत तेवीस सायकलींना नंबर मिळाले. स्वानंद सरांनी एकदा स्टँडवर येऊन त्या पाट्या पाहिल्या. काहीतरी बोलणार होते. पण नोंदवहीतला एकही रकाना रिकामा नव्हता, त्यामुळे बोलता आलं नाही.

मूल्यांकन समिती यायची त्या दिवशी सकाळपासून फाटकाला झेंडूच्या माळा होत्या. त्याच दिवशी ममताची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा. ती सातलाच आत गेली होती. पावणेनऊला संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत, नव्या गाडीतून आले. गाडी पांढरी, काचा काळ्या. नंबरच्या जागी लाल पाटी, तिच्यावर पितळी अक्षरांत 'सचिव'.

अय्यूबने हात आडवा केला.

ड्रायव्हर पूनमसिंगने काच खाली केली. "अबे, अण्णासाहेब हायत."

"दिसून राह्यलं. नंबर?"

"नवी गाडी हाय. नंबर यायचा हाय अजून."

"मंग आल्यावर आना."

मागची काच खाली आली. "काय रे, ओळखत नाहीस का मला?"

"वळखतो ना साहेब," अय्यूब हळू म्हणाला. "पन संगनक नाई वळखत. नियम सात."

"फाटक उघड."

"अन् इथी बाहेर बी नका उभी करू, साहेब. नियम नऊ. पन्नास मीटर. टेम्पो येते, उचलून नेते."

पूनमसिंगने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. तेवढ्यात मागून मूल्यांकन समितीची गाडी आली. तिला नंबर होता आणि पाहुण्यांचं स्टिकरही होतं. अय्यूबने दुसरी बाजू उघडली, खाडकन सलाम ठोकला आणि पाहुण्यांना आत घेतलं. स्वागत करणारे बाहेर राहिले.

स्वानंद सर धावत आले. धावताना त्यांचा फेटा सुटला. "अय्यूब, वेड लागलं का तुला? अरे, अपवाद असतो!"

"कोन्त्या नंबरचा नियम हाय थो, सर? वाचून दाखवा. पोरगी नऊ किलोमीटर पायदल गेली तवा मले नाई दिसला."

सर नियमांकडे वळले. त्यांनी अकराही नियम खरोखरच पुन्हा वाचले. मग फाटक त्यांनी स्वतः उघडलं. पण तोवर अण्णासाहेब गाडीतून उतरून पायी निघाले होते, आणि पाहुणे मात्र स्वागतकक्षात नव्हतेच. ते सायकल स्टँडवर उभे होते. हाताने रंगवलेल्या तेवीस पाट्यांचे फोटो काढत होते. 'हरित परिसरासाठी अभिनव उपक्रम,' असं त्यांच्या अध्यक्षांनी वहीत लिहिलं आणि कल्पना कोणाची, असं विचारलं. अण्णासाहेबांनी घाम पुसला आणि विनयाने मान खाली घातली.

त्यामुळे सायकलींचे नंबर राहिले. आता ते काढता येण्यासारखे नव्हते. समितीच्या वहीत गेले होते. अय्यूब मात्र कुठल्याच वहीत नव्हता, एजन्सीच्या यादीत होता. साडेअकराला एजन्सीच्या माणसाने त्याला कार्यालयात बोलावलं.

"उद्यापासून येऊ नको."

"बरं."

"शिट्टी, पट्टा, टोपी जमा कर. शर्ट बी."

"शर्ट घरून घालून येतो ना मी. उद्या आनून देतो धुवून."

"उद्या येऊ नको म्हन्लं ना. एजन्सीचा माल हाय. आत्ताच जमा करा लागते."

रत्नप्रभाताई खुर्चीतून उठल्या. "अहो, माणूस आहे तो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला कार्यालयाने पहिल्यांदाच ऐकला.

"राहू द्या ताई," अय्यूब म्हणाला.

त्याने एकेक बटण सोडलं. शर्ट काढला, टेबलावर पसरला, बाह्या आत घेऊन नीट घडी केली, वर शिट्टी ठेवली. मग गंजीवर तो बाहेर आला. गंजीला काखेत भोक होतं. बाजूच्या लहान दारातून गेलं तर रस्ता जवळ पडतो. पण तो मधल्या डांबरी रस्त्याला लागला, मुख्य फाटकाकडे.

परीक्षा सुटली होती. ममता सायकलवरून मागून आली, पुढे गेली, वळून बघितलं आणि उतरली.

"चाचा?" ती त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाली. "काय झालं?"

"काई नाई. तुहा पेपर कसा गेला?"

"रंग बरोबर आला. शेवटी एक थेंब जास्त पडला."

"एका थेंबानं काय होते!"

"होते, चाचा. सगळंच बदलते."

ती सायकल हातात धरून त्याच्या उजव्या बाजूने चालू लागली. तो, ती आणि सायकल मिळून रस्ता भरला. दोन्ही कडांना रंगवलेल्या विटा होत्या, त्यामुळे बाजूने वाट नव्हती. मागे पांढरी गाडी आली. पूनमसिंगने एकदा हॉर्न दिला. मग आतून काहीतरी सांगितलं गेलं असावं, कारण तो पुन्हा पुन्हा वाजू लागला.

ममताने मागे पाहिलं. "होऊ काय बाजूले?"

"काहून?" अय्यूब म्हणाला. "तुह्याजवळ स्टिकर हाय ना?"

उन्हात त्याच्या गंजीची पाठ ओली झाली होती. त्याने चाल वाढवली नाही, कमीही केली नाही. फाटक अजून बरंच लांब होतं, आणि गाडी मागून पायी येत होती.