बोटभर पाणी

मरताना माणसाने काय मागावं? एलोइसाच्या नवऱ्याने, सेलेदोनियोने, ना देवाधर्माचं काही मागितलं ना लेकरांचं. म्हणाला, "वरच्या पाटातून बोटभर पाणी जुन्या सफरचंदाच्या वाडीत सोडत जा. देल्फिनाची विहीर आटता कामा नये." गेलेल्या माणसाचा शब्द मोडायची कुणाची छाती? अकरा वर्षं एलोइसाने पाटाच्या दारातली फळी बोटभर वर ठेवली. बर्फ वितळून पाट वाहता झाला की थेट पानगळीपर्यंत, रात्रंदिवस.

देल्फिना त्या वाडीच्या खालच्या अंगाला राहायची. तिच्या थोरल्या लेकीची एलोइसा धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, आणि न्यू मेक्सिकोच्या त्या डोंगरगावात कोमाद्रे म्हणजे सख्ख्या बहिणीहून काकणभर सरसच. विहिरीला पाणी टिकलं याची जाण ठेवून देल्फिना दर शनिवारी अंगणातल्या भट्टीत भाजलेला गोल पाव घेऊन वर यायची. एक शनिवार चुकला नाही.

कुरकुर एकट्या पाटकऱ्याची. प्रिमितिवो त्याचं नाव. "पाण्याची पाळी ठरलेली असते, एलोइसाबाई. पाळीला यावं, दारं धरावीत, रान भिजवावं, फळी टाकावी. तुमची ही गळती कुठल्या पाळीत बसवू मी?"

"सूप पिताना तुझ्या मिश्यांतून याहून जास्त गळतं," एलोइसा म्हणायची, की तो पुढच्या वर्षापर्यंत गप्प.

यंदा वसंतात विहिरींचं पाणी तपासायला इलियाना नावाची सरकारी बाई आली. देल्फिनाच्या विहिरीत सोमल निघाला. हो, सोमल! उंदराला घालतात तोच. तेरा वर्षांपूर्वी हीच विहीर तपासली होती, तेव्हा पाणी स्वच्छ होतं.

इलियाना माग काढत वाडीत आली. तिथे आता झाडं कुठली, नुसतं गवत आणि त्यातून झिरपणारं पाटाचं पाणी. पण सेलेदोनियोचा बाप सफरचंदातल्या किडीसाठी पांढरी पूड फवारायचा, त्यात शिसं आणि सोमल. झाडं गेली, पूड मातीत राहिली. इलियानाने डबाभर माती नेली आणि महिन्याने एलोइसाच्या स्वयंपाकघरात येऊन कागद पसरला.

"पण इतकी वर्षं तो मातीतच होता ना, बाई?" एलोइसा म्हणाली. "पूर्वी आम्ही पाळीला वाडी तुडुंब भिजवायचो. तेव्हा नाही तो खाली उतरला?"

"थोडा उतरत असणार, आजी. पण लोंढा घाईत असतो, भेगांमधून निघून जातो. त्याला माती धुवायला सवड नसते. मग पुढच्या पाळीपर्यंत रान सुकायचं. मी दोन नळ्यांत तुमच्याच वाडीतली माती भरली. एकीत जोरात पाणी सोडलं, दुसरीत थेंब थेंब. थेंबवाल्या नळीतल्या पाण्यात सोमल कितीतरी जास्त. त्यात माती कायम ओली राहिली, की धरून ठेवलेला सोमलही सोडून देते."

एलोइसाला नळ्या कळल्या नाहीत. तिने ओट्यावरच्या कॉफी गाळायच्या फडक्याकडे पाहिलं. घाईने पाणी ओतलं की पाणचट. आणि थेंब थेंब गाळलं की...

"कडूजहर," ती म्हणाली.

इलियाना हळूच म्हणाली, "अहवालात मी 'जुन्या वाडीतली माती' एवढंच लिहिणार आहे. फळी आजच टाका. कुणी सोडलं, कशाला सोडलं, हे मला लिहायची गरज नाही."

म्हणजे सुटका! फळी टाकायची, तोंड मिटून बसायचं. देल्फिनाला कळलं तर ती आल्बुकर्कीला लेकीकडे निघून जाईल, पुन्हा तोंड बघणार नाही. आणि या घरात शनिवारखेरीज येतं कोण? एलोइसाने फळी त्याच संध्याकाळी टाकली. पण चार दिवस तिला घास गिळवेना.

शनिवारी देल्फिना आली. पाव अजून ऊन होता. "विहिरीचं पाणी पिऊ नको म्हणून पुन्हा बजावून गेली ती बाई," ती बसता बसता म्हणाली. "मग तांदळासारखं शहरातून पाणीही विकत आणायचं की काय? काय दिवस आले, कोमाद्रे!"

"मी केलंय ते," एलोइसा म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. सेलेदोनियोचा शब्द, बोटभर फळी, नळ्या, कॉफी, सगळं. सांगताना तिने मान वर केली नाही.

देल्फिनाने पावाचा एक तुकडा मोडला, नाकाशी धरला.

"कोमाद्रे, हा पाव मी कुठल्या पाण्यात मळते?"

एलोइसाने मान वर केली.

"अगं, अकरा वर्षं तू मला पाजलंस आणि मी तुला खाऊ घातलं. फिट्टंफाट!" देल्फिना हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मग दोघीही रडल्या.

"रागावलीस?"

"रागावले तर! तुझ्या नवऱ्यावर. मेल्याला मरताना दुसरं काही सुचलं नाही?" तिने डोळे पुसले. "तपासून घेऊ दोघी. इलियाना म्हणाली, पाणी बदललं की अंगातलंही उतरायला लागतं. पण आता माझी विहीर?"

"आटेल गं. माझी विहीर वाडीच्या वरच्या अंगाला आहे. तपासली, स्वच्छ आहे. रोज येऊन भरून ने."

"रोज? हा चढ? या गुडघ्यांनी?"

"याच गुडघ्यांनी! रोज ये," एलोइसा म्हणाली, आणि आपण केवढं मोठं मागतोय ते तिला तेव्हा कळलं. अकरा वर्षांच्या चुकीनंतर एवढं मागायला मिळावं! तिने मनोमन देवाचे पाय धरले.

प्रिमितिवो येऊन फळीमागे दगडमातीचा बांध घालून गेला. मिश्यांबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

पुढच्या शनिवारी देल्फिना धापा टाकत वर आली. हातात पाव नव्हता. काखेत पिठाची पिशवी होती. तिने परात ओढली, पीठ ओतलं, मधोमध खळगा केला आणि बाह्या सारल्या.

"बघतेस काय, कोमाद्रे? पाणी घाल," ती म्हणाली. "आणि बोटभर नको हं, हात सैल सोडून घाल!"