फुगलेला सात

भावोजी गेले तेव्हा मागे एक चष्मा, दोन स्वेटर आणि अर्धवट राहिलेली एक मोटार एवढीच इस्टेट उरली. मोटार वीतभर लांब, प्लॅस्टिकची. आक्काने नवऱ्याची ती मोटार बुटाच्या खोक्यात घालून धाकट्या भावाकडे आणली.

"चिकटराव, एवढी पुरी करून दे. त्यांचं काहीच कधी पुरं झालं नाही."

हे मात्र खरं. चाळीस वर्षांत भावोजींचं एकही वाक्य पूर्ण झालं नव्हतं. ते अर्ध्यावर आलं की आक्का उचलायची आणि आपल्याला हव्या त्या मुक्कामाला पोचवायची.

चिकटराव म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. पेशंट सुटले, पण बारीक हत्यारं हातातून सुटेनात, म्हणून सुटे भाग चिकटवून छोट्या मोटारी करत. टोपणनाव भावोजींनीच ठेवलेलं.

आक्का चहा टाकायला आत गेली आणि त्यांनी भिंग लावलं. मोटारीला काळा मॅट रंग. पुढच्या दोन्ही गोल मडगार्डांवर सातच्या आकड्याचं डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं पातळ चित्र, लावायचं होतं; उजवं अजून कागदावरच होतं, डावं भावोजींनी शेवटच्या आठवड्यात लावलेलं. आणि अगदी नवशिक्यासारखं. मॅट रंग दिसतो मखमली, पण असतो खरखरीत. त्यावर आधी चकचकीत वार्निशचा हात मारायचा, मग भिजवलेलं डेकल सरकवायचं. भावोजींनी थेट लावलं होतं. साताच्या खाली हवा अडकून पाच पांढुरके फुगे आले होते.

डॉक्टरांनी पहिल्या फुग्याला सुई टोचली.

"अगं," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी मागे पाहिलं. कुणी नव्हतं. आत कपबशा वाजत होत्या. त्यांनी टोचलेल्या जागी डेकल मऊ करायच्या औषधाचा थेंब सोडला. डेकल सुरकुतलं, मग निमूटपणे गोलाईवर बसलं. दुसरा फुगा टोचला.

"मी."

आवाज भावोजींचाच. डॉक्टरांच्या अंगावरचे केस उभे राहिले. डोक्यावर तशी सोय नव्हती. तरी सुई थांबेना. तिसरा म्हणाला, "गेल्यावर." चौथा म्हणाला, "तू."

पाचवा सगळ्यांत मोठा होता. टम्म. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. हे ऐकायचा हक्क आपला नाही.

"आक्का, इकडे ये. आणि कृपा करून बोलू नकोस."

"का? मी काय इतकी बोलते?"

त्यांनी झालं ते सांगितलं. आक्का खुर्ची ओढून बसली. मोटार हातात घेऊन तिने फुगा डोळ्यांजवळ धरला.

"अगं, मी गेल्यावर तू..." ती पुटपुटली, आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "अरे, दार लावून घे! रोज कामावर निघताना हेच तर म्हणायचे! दार लावून घे, कडी घाल, म्हणून..."

बोलण्याच्या भरात तिचा अंगठा साताच्या आकड्यावर दाबला गेला.

तिच्या शब्दांखालून काहीतरी भरभर बोललं गेलं. बरंच लांब. मग सात सपाट झाला, जणू रंगवलेलाच.

"काय म्हणाले रे?"

"तू बोलत होतीस."

"दारच म्हणाले असतील."

"दार लावायला एवढी हवा लागत नाही, आक्का."

चहा निवला. कुणी प्यायलं नाही. शेवटी डॉक्टरांनी उजवं मडगार्ड पुढे ओढलं आणि वार्निशची बाटली उघडली. आक्काने त्यांचं मनगट धरलं.

"ते नको."

"मग हवा राहील खाली."

"राहू दे."

त्यांनी डेकल पाण्यात भिजवलं आणि कोऱ्या मॅट रंगावर सरकवलं. दोघं शेजारी बसून ते वाळायची वाट पाहू लागले. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं. तेव्हा साताच्या पोटात एक पांढरा ठिपका दिसला. तो वाढू लागला. सावकाश, बोलण्याआधी माणूस श्वास भरून घेतो तसा.

डॉक्टरांनी सुई उचलली. आक्काने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, टोच.