नाकातले वजन

“तोडू नकोस, काप,” ताई म्हणाली.

“तेच करतोय,” असे म्हणत बंडूने विमानाचे पुढचे चाक प्लॅस्टिकच्या चौकटीतून पिरगाळून काढले.

चाकाच्या दांडीवर पांढरा ओरखडा उमटला. ताईने डोळे मिटून घेतले. तिचे सगळे आयुष्य दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवण्यात गेले होते. प्लॅस्टिकला झालेली इजा तिला स्वतःच्या नखाला झाल्यासारखी लागायची.

जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरली होती. मधोमध, दिव्याखाली, बंडू बसला होता. विमा कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेला, पण ताईपुढे अजून बंड्याच. समोर त्याची नात ठकी खुर्चीवर गुडघे टेकून पुढे झुकली होती. ताई बाजूला, उजेड नीट पोचत नाही अशा जागी, हाताची घडी घालून बसली होती. घडी मुद्दाम घातली होती. सोडली असती तर हात आपोआप टेबलाकडे गेले असते.

प्रकरण ठकीच्या शाळेतून सुरू झाले होते. बाईंनी वर्गात सांगितले, तुमच्या घरी हाताने काही करणारे कोणी असेल तर त्यांना घेऊन या, आपण बघू. ठकीने लगेच हात वर केला. माझे आजोबा लहानपणी प्लॅस्टिकची विमानं बनवायचे, आमच्याकडे कपाटभर आहेत. कपाट खरेच होते. दिवाणखान्यात, काचेचे, आत दिवा असलेले. घरी कोणीही आले की बंडू तो दिवा लावून दाखवायचा. उद्या सकाळी त्याला वर्गासमोर बसून एक विमान जोडून दाखवायचे होते. म्हणून दोन किट आणली होती, एक सरावाला आणि एक उद्यासाठी.

त्या कपाटातले एकही विमान बंडूने बनवलेले नव्हते. सगळी ताईने लहानपणी बनवलेली होती. हे ताईला ठाऊक होते, बंडूला नव्हते, आणि सगळा वैताग तिथेच होता. तो खोटे बोलत असता तर तिने केव्हाच त्याचा कान धरला असता. पण तो अगदी मनापासून सांगायचा. वर पाहुण्यांना म्हणायचा, “ताईलाही येतं थोडंफार. माझं बघून बघून शिकली.” आणि ताई, जिने पुढेही विमाने केली आणि आपल्या इमारतीतल्या पोरांना वाटून टाकली, ती चहाचा कप तोंडाला लावायची.

पण या वेळी चहा घशाखाली उतरेना. वर्गभर मुले, सगळ्यांचे डोळे एका हातांच्या जोडीवर, आणि ते हात बंड्याचे. दुसऱ्या कशाचेही श्रेय त्याने घ्यावे, तिला फरक पडला नसता. हे एक काम तिला हवे होते.

“तर ठकी, नीट ऐक,” बंडू सांगू लागला. “आधी वैमानिक रंगवायचा. मग तो खुर्चीत बसवायचा. मग अंगाचे दोन भाग जोडायचे. सांधा वाळला की बारीक कागदानं घासायचा, पाणी लावून, मागे-पुढे नाही, गोल गोल. आणि नाकात वजन भरायला विसरायचं नाही. नाहीतर काय होतं?”

“काय होतं?”

“विमान शेपटीवर बसतं.”

एक शब्द चुकलेला नव्हता. चुकणार कसा, ताईनेच पाठ करून घेतला होता.

त्यांचा मामा बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर आला की बंडूसाठी विमानाचे खोके आणायचा आणि ताईसाठी रिबिनी. बंडू खोके फाडायचा, चार तुकडे इकडून तिकडे करायचा आणि गोट्या खेळायला पळायचा. दुपारी घर निजले की ताई स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची. वडिलांच्या दाढीचे जुने पाते, गोंदाची नळी आणि गोंद पसरायला झाडूची काडी. गोंदाचा तो कडक, गोडसर वास. त्याचे बोटांवरून ओढले जाणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. शेवटी बशीतल्या पाण्यात चिन्हांचे कागद भिजवायचे. चिन्हे हळूच सुटून पाण्यावर तरंगायची, आणि ती पंखावर सरकवताना ताईला श्वास घ्यायचेही भान नसायचे.

पहिले विमान पाहून वडील म्हणाले, “बघा, पोरगं किती हुशार निघालं.” ताईने बोलायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. खोकी मुलासाठी येतात, एवढे तिला कळत होते. मुलगी बनवते असे समजले तर पुढच्या वेळी खोके बंद आणि रिबिनी दुप्पट. तिने बंडूला घरामागे गाठले आणि त्याची तयारी करून घेतली. मामा विचारणार, आधी काय केलंस? मग काय केलंस? सांधा कुणी घासला? चुकला की एक चिमटा. बंडू दर वेळी पहिला यायचा. इतके छान सांगायचा की पुढे विमा विकताना हीच शिकवणी त्याच्या कामी आली असावी.

आता तोच बंडू विमानाच्या अंगाच्या दोन्ही भागांना गोंद फासत होता. भरपूर, पावाला लोणी लावावे तसा.

“बंड्या, वैमानिक,” ताई म्हणाली.

“हो, तो आधी रंगवायचा,” बंडू म्हणाला आणि त्याने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले. बिनरंगी वैमानिक बाहेर वर्तमानपत्रावर आडवा पडला होता.

“आजोबा, हा राहिला.”

“त्याला मागून बसवू वरून.”

स्वयंपाकघरातून बंडूच्या बायकोचा आवाज आला, “अहो, त्या टेबलाला गोंद लागला तर तुम्हालाच चिकटवीन. लग्न झाल्यापासून भिंतीला एक खिळा ठोकला नाही या माणसानं. विमानं कशी केली, देव जाणे.”

“लहानपणी हात वेगळे असतात,” बंडू म्हणाला. सांध्यातून गोंद बाहेर आला होता. त्याने तो अंगठ्याने पुसला आणि अंगठ्याचा ठसा विमानाच्या पोटावर कायमचा राहिला. ताईने हाताची घडी आणखी घट्ट केली.

“आता नाकात वजन,” बंडू म्हणाला. त्याने शिशाचा लहान तुकडा चिमटीत घेतला आणि विमान फिरवून फिरवून बघू लागला. वरून बघितले. खालून बघितले. चष्मा वर करून बघितले.

“आजोबा,” ठकी हळूच म्हणाली, “नाक तर बंद झालं.”

“झालं ना.”

“मग वजन कुठून भरायचं?”

बंडूने चाके लावून विमान टेबलावर उभे केले. विमानाने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि ते शेपटीवर बसले. नाक वर, छताच्या पंख्याकडे.

ठकी खुदकन हसली. मग तिचे हसू गेले. “उद्या असंच बसलं तर? सगळे हसतील मला.”

“हल्लीची किटच भिकार,” बंडू म्हणाला. “आमच्या वेळची वेगळी होती.”

“तुमच्या वेळच्या नाकांना काय दार होतं?” ताईच्या तोंडून निघून गेले.

 बंडूचे कान लाल झाले होते. लहानपणी चिमटा बसला की व्हायचे तसेच. ताईला बोलायला एक वाक्य पुरले असते, आणि ते जिभेवर आलेही होते. पण ठकी आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

“ठकी,” ताई म्हणाली, “आजीला म्हणावं चहा ठेव. आणि तिथंच थांब, कप घेऊन ये.”

ठकी गेली. बंडू उठून कपाटापाशी गेला. दिवा न लावताच त्याने एक करडे विमान बाहेर काढले, उलटे केले, डोळ्यांजवळ नेले.

“ह्याचा सांधा दिसतच नाही.”

“दिसायला नकोच.”

“छान घासलाय.”

“कुणी घासला?” ताईने विचारले. घरामागे विचारायची तसेच.

“मी घासला,” बंडू लगेच म्हणाला. “पाणी लावून, बारीक कागदानं, मागे-पुढे नाही, गोल गोल.”

आणि तो थांबला. विमानाच्या पोटावरून त्याचा अंगठा फिरत होता, आणि त्या अंगठ्याला काहीच ओळखीचे लागत नव्हते.

“मागे-पुढे नाही, गोल गोल,” तो पुन्हा म्हणाला, या वेळी सावकाश. “ताई, तू चिमटे काढायचीस.”

“चुकलास की.”

“मग मी काय करायचो?”

“गोट्या खेळायचास.”

“पण मला आठवतं ना सगळं. ती खिडकी. गोंदाचा वास. बशीतलं पाणी.”

“तू मधेमधे यायचास, पाणी प्यायला. एकदा तर बशीतलंच प्यायला निघाला होतास.”

बंडू खुर्चीवर बसला. करडे विमान मांडीवर, दोन्ही हात त्याच्या पंखांवर, कोणीतरी मूल सांभाळायला दिल्यासारखे.

“कधी बोलली का नाहीस?”

“आधी खोकी यायची म्हणून,” ताई म्हणाली. “नंतर तू इतकं रंगवून सांगायचास की मधे तोंड घालायला फटच नसायची. आणि मग इतकी वर्षं झाली, की आता बोलले तर मीच चमत्कारिक दिसले असते. वैताग आलाय मला तुझा, बंड्या. खरंच आलाय.”

“येणारच,” बंडू म्हणाला.

ठकी कप घेऊन आली, बशीत निम्मा चहा सांडलेला. बंडूने घसा साफ केला. ताईला वाटले, आता हा बोट दुखतंय म्हणेल, नाहीतर डोळ्यांवर ढकलेल. सांगण्यात त्याचा हात कोण धरणार.

“ठकी, उद्या शाळेत आत्याआजी करून दाखवेल.”

“का? मी सगळ्यांना सांगितलंय, तुम्ही बनवलीत म्हणून.”

“चुकीचं सांगितलंस. मीच तुला चुकीचं सांगितलं होतं. ही सगळी तिची आहेत.”

ठकीने कपाटाकडे पाहिले, मग ताईकडे, मग शेपटीवर बसलेल्या विमानाकडे.

“आणि हे?”

“हे माझं,” बंडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातली बाके भिंतीला लावली होती आणि बाईंचे टेबल मध्ये ओढले होते. ताई रागावतच शिकवत होती. रेटू नका, उजेड अडतो. बाटलीत नाक घालू नका, गोंद आहे, अत्तर नाही. तुझी वेणी रंगात चाललीय, मागे घे. मुले रेटतच होती. वैमानिक रंगवून खुर्चीत बसला होता. शिशाचा तुकडा नाकात बसवताना तिने तो हातोहात फिरवला आणि प्रत्येकाला तोलून बघायला लावला. मग एका मुलीकडून काडीने गोंद लावून घेतला आणि अंग मिटले.

बंडू मागच्या भिंतीपाशी, मुलांच्या बुटक्या बाकावर बसला होता. गुडघे छातीशी आले होते. शेजारी एक चष्म्यातली मुलगी होती. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

“तुम्ही कोण?”

“मी त्यांचा धाकटा भाऊ.”

“तुम्हाला येतं विमान करायला?”

“नाही.”

“मग नीट बघा,” मुलगी म्हणाली आणि त्याला दिसावे म्हणून थोडी बाजूला सरकली.

बंडू मान उंच करून बघू लागला. ताईने त्या दोघांचे बोलणे ऐकले होते. तिने वर पाहिले नाही. दोन्ही भाग तिच्या बोटांत दाबून धरलेले होते, गोंद ओला होता, आणि हात हलवून चालणार नव्हते.